खालच्या दाढेची भूल

धारवाडहून बेळगावकडे जाणाऱ्या महामार्गावर बेलूरची औद्योगिक वसाहत आहे. दाढेच्या ठणक्याने रात्र जागून काढलेल्या येथील कामगारास वा शेतकऱ्यास धारवाड जवळ पडते. धारवाडच्या हुबळीकडील बाजूस सत्तूर येथे १९८६ पासून दंतवैद्यक महाविद्यालय आहे. किडलेली दाढ मूलनलिका उपचाराने, म्हणजेच रूट कॅनालने, पुष्कळदा वाचविता येते. तथापि ‘सुई टोचूनही दुखलेच’ या अनुभवाने रुग्ण उपचार अर्ध्यावर सोडतो आणि अखेर दाढ गमावतो.

यात दोष दरवेळी दंतवैद्याच्या हाताचा नसतो. वरच्या जबड्याचे हाड विरळ असल्याने दाढेलगत टोचलेले औषध मुळापर्यंत झिरपते. खालच्या दाढांभोवतीचे हाड जाड व घट्ट असते. म्हणून मज्जातंतू जबड्यात शिरतो तेथे, तोंडात बरेच मागे, औषध द्यावे लागते. त्याने अर्धा ओठ जड पडतो. परंतु ओठ बधिर झाला म्हणजे दाढेतील मज्जाही बधिर झालीच, असे नव्हे. सुजलेल्या मज्जेतील तंतू अतिसंवेदनशील झालेले असतात, आणि सुजेच्या ठिकाणची आम्लता औषधास तंतूत शिरू देत नाही. यास्तव पोखरण्यापूर्वी दाढेस थंड स्पर्श करून पाहणे इष्ट होय.

नेहमीचे औषध लिग्नोकेन. स्वीडनमधील नील्स लॉफग्रेन यांनी ते १९४३ मध्ये सिद्ध केले. दोन टक्के द्रावणात ८० हजारांस एक भाग ॲड्रेनलिन घालून ते वापरतात; ॲड्रेनलिनने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व औषध जागच्या जागी टिकते. चार टक्के आर्टिकेन हे जर्मनीत १९७६ पासून प्रचारात आले. मागील जागी टोचण्यापुरते पाहता ते लिग्नोकेनहून निश्चितपणे सरस ठरलेले नाही. नवे व महाग एवढ्यावरून त्याचा आग्रह धरू नये. मात्र पहिली सुई अपुरी पडल्यास गालाच्या बाजूने दाढेलगत दिलेले आर्टिकेन लिग्नोकेनपेक्षा अधिक उपयोगी पडते, कारण ते हाडातून अधिक चांगले झिरपते. तरीही दुखल्यास थेट मज्जेत औषध देतात. क्षणभर कळ येते, पण भूल हमखास चढते.

उपचारापूर्वी तासभर आयबुप्रोफेन घेतल्यास भूल लागण्यास साहाय्य होते; जठरव्रण वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र ते घेऊ नये. हृदयविकार, रक्तदाब, चालू औषधे व गर्भारपण यांची माहिती दंतवैद्यास आधीच द्यावी. ओठ काही तास बधिर राहतो. तोवर गरम चहा टाळावा आणि मूल ओठ चावत नाही ना, इकडे लक्ष ठेवावे.