कार्ड, किल्ली आणि प्राधान्य : उपग्रह-ग्राहकयंत्राची जुळणी

१ ऑगस्ट १९७५ रोजी भारतात उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणीचा शैक्षणिक प्रयोग सुरू झाला. ए.टी.एस.-६ या अमेरिकन उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत एक वर्षभर कार्यक्रम दाखविले गेले. त्यांत कर्नाटकातील विजापूर, गुलबर्गा व रायचूर या जिल्ह्यांतील खेड्यांचा समावेश होता. संच सुरू केला की चित्र दिसे. आकाशातून येणारा संकेत सर्वांसाठी खुला होता आणि ग्राहकयंत्राला कोणाचीही अनुमती घ्यावी लागत नव्हती.

वर्गणीवर चालणाऱ्या आजच्या वाहिन्यांची स्थिती वेगळी आहे. त्यांचे कार्यक्रम उपग्रहावरून सर्वत्र पसरतात, परंतु ते कुलूपबंद असतात. बंगळूरुच्या एखाद्या गच्चीवरील तबकडीला संकेत उत्तम मिळत असूनही पडदा काळा राहू शकतो, कारण संकेत मिळणे आणि पाहण्याचा अधिकार मिळणे या दोन स्वतंत्र गोष्टी झाल्या आहेत. हा अधिकार सामान्यतः एका लहानशा कार्डात साठविलेला असतो. ग्राहकयंत्राने आपल्या खाचेतील हे कार्ड सर्वांत आधी विचारात घ्यावे, अशी जुळणी कशी करावी व ती का आवश्यक ठरते, याचे विवेचन येथे केले आहे.

कुलूप आणि किल्ली

अंकीय प्रक्षेपणात चित्र व ध्वनी यांची विभागणी १८८ बाइटांच्या लहान लहान पुडक्यांत केलेली असते. वर्गणीच्या वाहिनीवर या पुडक्यांतील मजकूर एका गणिती रीतीने विस्कटून पाठविला जातो. तो पूर्ववत करण्यासाठी लागणारी संख्या म्हणजेच किल्ली. तिला ‘नियंत्रण-शब्द’ म्हणतात. ही किल्ली कायमची नसते. सामान्यतः दर दहा सेकंदांच्या सुमारास ती बदलते. एखाद्याने ती कशीबशी मिळविली तरी क्षणात निरुपयोगी व्हावी, हा त्यामागील हेतू होय.

किल्ली प्रक्षेपणाबरोबरच येते, पण गुप्त लिपीत. तिला ‘किल्ली-संदेश’ म्हणता येईल. ग्राहकयंत्र हा संदेश वेगळा काढून कार्डाकडे देते. वर्गणी भरलेली असल्यास कार्ड तो उलगडून किल्ली परत करते. नसल्यास नकार देते. पुष्कळदा एकाच संदेशात चालू किल्ली व तिच्यानंतरची किल्ली अशा दोन्ही असतात, त्यामुळे बदलाच्या क्षणी चित्र खंडित होत नाही.

दुसऱ्या प्रकारचा संदेश ‘हक्क-संदेश’ होय. कोणत्या ग्राहकाला कोणत्या वाहिन्या व किती मुदतीपर्यंत पाहता येतील, याची नोंद तो कार्डात करतो. वर्गणीचे नूतनीकरण झाले की सेवा-कंपनी हा संदेश उपग्रहावरूनच पाठविते. ग्राहकाने पैसे भरले, पण त्याचे यंत्र कित्येक दिवस बंद राहिले, तर हक्क-संदेश कार्डापर्यंत पोहोचत नाही आणि वाहिनी बंद दिसते. अशा वेळी यंत्र त्याच सेवेच्या वाहिनीवर काही काळ सुरू ठेवावे लागते.

प्राधान्याचा प्रश्न कोठे उद्भवतो

कंपनीने दिलेल्या साध्या पेटीत एकच कार्ड व एकच मार्ग असतो; तेथे निवडीला वाव नाही. परंतु स्वतंत्रपणे विकत घेतलेल्या काही ग्राहकयंत्रांत कार्डाची खाच, उलगडा करणाऱ्या जोड-उपकरणाची खाच आणि घरातील जाळ्याची जोडणी असे अनेक मार्ग असतात. शिवाय एकाच वाहिनीवर दोन वेगवेगळ्या गुप्तसंकेत-पद्धतींचे किल्ली-संदेश एकत्र पाठविण्याची सोयही जागतिक मानकात आहे. प्रत्येक पद्धतीला ठराविक क्रमांक दिलेला असतो आणि वाहिनीच्या तपशील-सारणीत हे क्रमांक लिहिलेले असतात. यंत्र ती सारणी वाचते व कोणाकडे किल्ली मागावी ते ठरविते.

यंत्राने प्रथम चुकीच्या ठिकाणी विचारणा केली, तर तेथून नकार येईपर्यंत अथवा वाट पाहण्याची मुदत संपेपर्यंत वेळ जातो. वाहिनी बदलताना हा विलंब विशेष जाणवतो, कारण त्या क्षणी हाती एकही किल्ली नसते. पुढील किल्ली वेळेत न मिळाल्यास चालू चित्रही गोठते. यंत्राच्या स्वतःच्या खाचेतील कार्ड मात्र काही सेंटिमीटर अंतरावर असते आणि त्याचे उत्तर सहसा एका सेकंदाच्या आत येते. म्हणून ‘स्थानिक’ कार्डाला पहिला मान देणे इष्ट ठरते. येथे स्थानिक याचा अर्थ त्या शहरातील असा नसून त्याच यंत्रात बसविलेले असा आहे.

जुळणीचा क्रम

निरनिराळ्या यंत्रांतील यादीची नावे भिन्न असली तरी कामाचा क्रम बहुधा सारखाच असतो.

प्रथम तबकडी व संकेत यांची खात्री करावी. बंगळूरुहून पाहता ९३.५ अंश पूर्व रेखांशावरील जीसॅट-१५ हा उपग्रह आग्नेय दिशेस, क्षितिजापासून सुमारे ६६ अंश उंचीवर असतो. मुंबईहून तो सुमारे ५७ अंशांवर दिसतो. या उपग्रहावरून मिळणाऱ्या दूरदर्शनच्या ‘फ्री डिश’ सेवेला मासिक वर्गणी नाही. त्यामुळे त्या दिशेची तबकडी असल्यास तिच्यावर खुली वाहिनी नीट दिसते की नाही ते पाहावे. म्हणजे यंत्र व दूरचित्रवाणी संच ठीक आहेत हे कळते. वर्गणीच्या सेवेचा उपग्रह वेगळा असल्यास त्याच्या संकेताची गुणवत्ता यंत्राच्या संकेत-मापकावर निराळी तपासावी.

दुसरे, यंत्र बंद करून कार्ड बसवावे. कार्डावरील सोनेरी स्पर्शबिंदू कोणत्या बाजूस असावेत याची खूण खाचेजवळ असते. यंत्र सुरू झाल्यावर कार्डाच्या माहितीच्या पानावर त्याचा क्रमांक, गुप्तसंकेत-पद्धती व हक्कांची मुदत दिसली, तर कार्ड वाचले गेले असे समजावे.

तिसरे, हव्या असलेल्या वाहिनीच्या तपशिलातील पद्धती-क्रमांक पाहून तो कार्डाच्या क्रमांकाशी ताडून पाहावा. दोन्ही जुळत नसतील तर कितीही जुळणी केली तरी उपयोग नाही.

चौथे, प्राधान्याच्या यादीत कार्डाची खाच सर्वांत वर ठेवावी, जोड-उपकरण त्याखाली. दोन कार्डे असतील तर प्रत्येकाला त्याच्या सेवेतील वाहिन्या नेमून द्याव्यात, म्हणजे निष्फळ विचारणा टळते.

पाचवे, हक्क-संदेश कार्डापर्यंत जाऊ देण्याची सोय सुरू ठेवावी. ती बंद राहिल्यास जुळणी आज यशस्वी वाटते आणि वर्गणीची मुदत पालटताच चित्र नाहीसे होते.

शेवटी नोंद जतन करून यंत्र पुन्हा सुरू करावे व एकच वाहिनी दोन-तीन मिनिटे पाहावी. तेवढ्या अवधीत किल्ली दहा-बारा वेळा बदललेली असते. किल्ली कोठून आली व किती वेळात आली हे काही यंत्रे पडद्यावर दाखवितात. तेथे स्वतःच्या खाचेचे नाव दिसले पाहिजे.

दोषाची पारख

मुसळधार पावसात चित्राचे चौकोन पडून ते फुटू लागले व खुल्या वाहिन्यांचीही तीच अवस्था असली, तर दोष संकेताचा आहे. या लहरींना पावसाचा अडथळा होतो. खुल्या वाहिन्या स्वच्छ असून केवळ वर्गणीच्या वाहिन्या काळ्या असतील, तर कार्ड वा हक्क यांचा संशय घ्यावा. चित्र दिसते, परंतु थोड्या थोड्या अवधीने ठराविक तालात गोठते, तर किल्ली उशिरा येत आहे, म्हणजे प्राधान्याचा क्रम चुकला आहे, अशी शक्यता मोठी.

मर्यादा आणि कायदा

घरातील कार्डाचा अधिकार जाळ्यावरून दुसऱ्या घरी पुरविणे हे वर्गणीच्या कराराचे उल्लंघन ठरते. प्रताधिकार कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, हक्कभंगाच्या हेतूने संरक्षक तांत्रिक उपाय मोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व दंड होऊ शकतो. स्वतःच्या कार्डाला प्राधान्य देणे ही याच्या नेमकी उलट गोष्ट आहे.

तथापि अनेक सेवांत कार्ड विशिष्ट पेटीशीच जोडलेले असते. अन्य यंत्रात घातल्यास ते उत्तर देत नाही. वास्तविक थेट घरी प्रक्षेपणाच्या परवान्यासाठी मार्च २००१ मध्ये निघालेल्या मार्गदर्शक तत्त्वांतच, पेटीची रचना खुली असावी व ती निरनिराळ्या सेवांना चालावी, अशी अट घातलेली होती. ती व्यवहारात पुरेशी उतरली नाही. एप्रिल २०२० मध्ये भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाला ही अदलाबदलीची सोय सक्तीची करण्याची शिफारस करावी लागली, यावरून ते स्पष्ट होते. सेवा बदलताना जुनी पेटी अडगळीत टाकून नवी घेण्याचा खर्च ग्राहकाच्याच माथी पडतो.

दूरचित्रवाणीचे अनेक भारतीय उपग्रह बंगळूरुमध्ये घडविले गेले आणि त्यांचे नियंत्रण त्याच राज्यातील हासन येथून होते. परंतु त्यांच्यावरून येणाऱ्या वर्गणीच्या वाहिनीचा शेवटचा निर्णय घरातील कार्डाच्या खाचेत होतो. यंत्र विकत घेताना त्यात कोणते कार्ड चालेल, त्याचे हक्क-संदेश स्वीकारले जातील का आणि प्राधान्याचा क्रम ग्राहकाला स्वतः ठरविता येईल का, हे तीन प्रश्न विक्रेत्यास आधीच विचारून घ्यावेत. त्यांची उत्तरे मिळेपर्यंत पैसे मोजण्याची घाई करू नये.