संगणक आणि शिक्षण : प्रारंभीच्या दोन वाटा

शाळेत संगणक येणे ही अगदी अलीकडची घटना आहे, असा सर्वसाधारण समज आढळतो. वस्तुतः हा इतिहास 1960 पर्यंत मागे जातो. त्या वर्षी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘प्लेटो’ ही संगणकीय अध्यापन-प्रणाली सुरू केली. पडद्यावर पाठ दिसे, त्यामागून प्रश्न येई आणि विद्यार्थी कळा दाबून उत्तर देई. उत्तर बरोबर की चूक, हे यंत्र तत्काळ सांगे. अडलेल्या विद्यार्थ्यास मदत मागून सोप्या पायऱ्यांकडे वळता येई. प्रत्येकाने आपापल्या गतीने शिकावे, हा या पद्धतीचा मोठा गुण होय. मात्र अशा पाठांत प्रश्न, त्यांचा क्रम आणि उत्तर हे सर्व आधीच ठरलेले असे.

दुसरी वाट 1967 मध्ये निघाली. सीमोर पेपर्ट, वॉली फर्झाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा तयार केली. येथे यंत्राने मुलाला शिकवायचे नसून मुलाने यंत्राला शिकवायचे होते. पुढे या भाषेच्या जोडीला एक ‘कासव’ आले. प्रथम जमिनीवर फिरणारे यंत्र, नंतर पडद्यावरील चिन्ह. ‘पुढे 100, उजवीकडे 90’ ही आज्ञा चार वेळा दिली की कासव चौरस काढते.

आता त्रिकोण काढावयाचा आहे असे समजू. समभुज त्रिकोणाचा कोन 60 अंशांचा, हे पाठ असलेले मूल कासवाला 60 अंश वळण्यास सांगते. त्रिकोण होत नाही. तीच आज्ञा सहा वेळा दिली तर षट्कोन तयार होतो! मग मूल उठून त्रिकोणाच्या रेषांवरून स्वतः चालून पाहते. प्रत्येक कोपऱ्यावर आपण 60 नव्हे, तर 120 अंश वळतो, हे त्याच्या ध्यानी येते. तीन वळणे मिळून 360 अंश, म्हणजे एक पूर्ण फेरी. चूक येथे लाज वाटण्याची गोष्ट राहत नाही. ती शोधण्याची व दुरुस्त करण्याची गोष्ट ठरते.

आपल्या देशात 1984 मध्ये ‘क्लास’ या शासकीय प्रकल्पाद्वारे सुमारे 250 शाळांत ‘बीबीसी मायक्रो’ संगणक आले. परंतु शाळा असंख्य आणि यंत्रे मोजकी. आमच्या पिढीतील अनेकांनी संगणक प्रथम पाहिला तो आच्छादनाखाली झाकलेला. पादत्राणे बाहेर ठेवून आत जावयाचे, ओळीने उभे राहून पाहावयाचे, हात मात्र लावावयाचा नाही! यंत्र बिघडेल या भीतीपोटी मुलांचे शिकणेच थांबून राहिले, याची खंत आजही वाटते.

ज्यांच्या घरात शिकलेली ही पहिलीच पिढी आहे, अशी अनेक मुले वसतिगृहात राहून शिकतात. संगणक खोली हेच त्यांचे या विद्येचे पहिले दार. म्हणून माजी विद्यार्थी व पालकांना आमची विनंती आहे. मुलाला केवळ “किती पाठ झाले?” असे विचारू नये. “काय तयार केलेस, कोठे चुकले आणि ती चूक कशी सापडली?” असेही आवर्जून विचारावे. यंत्रे जुनी होतात व बदलतात. चूक स्वतः शोधण्याची सवय मात्र आयुष्यभर सोबत राहते.