शेजारच्या दातांचा विचार

चि. मृणाल,


तुझं पत्र आणि एक्स-रेचा फोटो मिळाला. सांगोल्यात दवाखाना टाकून वर्ष होत नाही तोच "पोरीला फिक्स दात बसवून द्या, पुढच्या महिन्यात लग्न आहे" म्हणत एक बाप समोर येऊन बसला, यात नवल काही नाही. मुलगी २२ वर्षांची, खालची पहिली मोठी दाढ शाळेत असतानाच काढलेली, तिच्या पुढची उपदाढ आणि मागची दाढ अगदी ठणठणीत. ब्रिज करू का, असं तू विचारतेस. करू नकोस. कारणं जरा सविस्तर लिहितो, कारण असा बाप तुझ्याकडे दर महिन्याला येणार आहे.

ही पहिली मोठी दाढ सहाव्या वर्षी, कुठलाही दात न पडता, मागच्या मागे गुपचूप येते. घरचे तिला दुधाची समजतात आणि किडली तरी "पडेल आपोआप" म्हणून सोडून देतात. मग एक दिवस गाल सुजतो आणि दाढ काढली जाते. खालच्या जबड्यातली ही रिकामी जागा तुला इतकी दिसेल की डोळे मिटून ब्रिज करण्याचा मोह होईल.

पण हिशेब मांड. मधला एक दात देण्यासाठी शेजारचे दोन तासायचे. चावण्याच्या बाजूने दीड-दोन मिलिमीटर, शिवाय चारही बाजूंनी. हिरड्यांवर दिसणाऱ्या दाताचा निम्म्याहून अधिक भाग यात जातो, आणि इनॅमल पुन्हा उगवत नाही. या वयात दाताच्या आतली नसेची पोकळी मोठी असते. तासताना नस दुखावली तर आज ना उद्या त्या धड दातांचं रूट कॅनाल तुलाच करावं लागेल. जगभरच्या पाहण्यांचा एक आढावा २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात दहा वर्षांनंतर सुमारे ९० टक्के ब्रिज तोंडात होते. साठीच्या माणसाला हा आकडा उत्तम. ही मुलगी मात्र दहा वर्षांनी ३२ ची असेल. तिला आयुष्यात तीन-चारदा ब्रिज बदलावा लागेल, आणि दर वेळी आधाराचे दात आणखी थोडे कमी झालेले असतील.

वडिलांना हे कसं सांगायचं? सरळ सांग की ही दाढ हसताना दिसत नाही आणि लग्नात कोणी दाढा मोजत नाही. तुझ्या फोटोत मागची दाढ पुढे कललेली वाटते. तसं असेल तर आधी तारा लावून ती सरळ करता येते का ते बघ. वरची दाढ रिकाम्या जागेत किती उतरली आहे तेही मोज. मग इम्प्लांट. खालच्या जबड्यात हाड त्याला धरायला साधारण तीन महिने घेतं, म्हणजे हे सगळं लग्नानंतरच. पैसे आज नसतील तर काढता-घालता येणारा एक दात दे. तो त्रासाचा असतो, पण आजूबाजूचं काही बिघडवत नाही, निदान स्वच्छ ठेवला तर. तू नाही म्हणालीस तर ते दुसरीकडे जातील, ही भीती मला कळते. जाऊ देत.

याचा अर्थ ब्रिज वाईट असा काढू नकोस. आयुष्यभर मी ब्रिज केले आणि त्यातले पुष्कळ अजून चावतायत. शेजारच्या दोन्ही दातांना आधीच कॅप आहे किंवा मोठमोठी फिलिंग आहेत, तिथे तासण्यात गमावण्यासारखं फारसं उरलेलं नसतं. इम्प्लांटसाठी हाड अपुरं आहे, मधुमेह आटोक्यात नाही, शस्त्रक्रिया नको आहे, अशा पेशंटलाही ब्रिजच बरा. फक्त आधार तपास. अँटे यांचा १९२६ चा नियम तुला पाठ असेल: आधाराच्या मुळांचं क्षेत्रफळ गेलेल्या दातांच्या मुळांपेक्षा कमी नको. पुढे स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं की हाड कमी असलं तरी हिरड्या निरोगी असतील आणि स्वच्छता कडक असेल तर ब्रिज टिकतो. माझ्या मते त्या नियमापेक्षा ही 'तर'ची अट महत्त्वाची. तुझ्या भागात मिशरी लावणाऱ्या बायका भरपूर भेटतील. त्यांच्या हिरड्या आधी बऱ्या कर, हलणाऱ्या दाताला ब्रिजचं ओझं देऊ नकोस.

पुढचा एखादा दात गेलेला कॉलेजचा मुलगा आला तर दातांना मागून चिकटवायचा मेरीलँड ब्रिज आठव. तासणं जवळजवळ नाही, आणि निघाला तर पुन्हा चिकटवता येतो.

रस्त्याकडेला बसून तार आणि गुलाबी मसाल्याने तासाभरात 'फिक्स दात' देणारे तिकडेही असतील. त्यांचा पेशंट तुझ्याकडे दुर्गंधी आणि सुजलेल्या हिरड्या घेऊन येईल. त्याला रागावू नकोस. आपली फी त्याला परवडत नव्हती.

ब्रिज बसवलास की घाईने पेशंटला उठवू नकोस. रंगीत कागद चाववून उंच जागा शोध. मधल्या दाताखालून सुपरफ्लॉस कसा ओढायचा ते आरसा हातात देऊन त्याच्याकडूनच करून घे. ब्रिजची कड जिथे दाताला भिडते तिथे कीड लागते आणि चकचकीत सिरॅमिकखाली ती वर्षानुवर्षं दिसत नाही. दर सहा महिन्यांनी बोलाव.

फोटोत मुळांची टोकं कापली गेली आहेत. त्या मुलीचा नीट एक्स-रे काढून पाठव आणि खालच्या नसेपर्यंत हाड किती उरलं आहे ते मोजून लिही. तोवर ड्रिल हातात घेऊ नकोस.

तुझा,
सर