कोळंबी, शेवंड, चिंबोरी ओळखताना : काय करावे, काय टाळावे

मुंबईपासून मालवण-पणजीपर्यंत कुठल्याही मासळी बाजारात एकाच पाटीत तीन-चार जातींची कोळंबी मिसळलेली असते. शेजारी नांग्या बांधलेल्या चिंबोऱ्या असतात आणि नशीब असेल तर एखादी शेवंडही दिसते. घेणारा बहुधा रंग, आकार आणि भाव एवढेच पाहतो. त्यातला रंग शिजवताना बदलतो, आकार वयानुसार बदलतो आणि नाव तर दर चार गावांनी बदलते. बदलत नाही ती प्राण्याची ठेवण : पाय किती, नांग्या कुठे, शेपूट कशी आणि पोटाखाली काय. ओळख या चार गोष्टींवरून पटवावी. ती पटली तर फसवणूक टळते, पाहुण्याची अ‍ॅलर्जी सांभाळता येते आणि समुद्रात काय परत सोडायला हवे हेही कळते.

१. आधी गट ठरवा

करावे
- पाय मोजावेत. कोळंबी, शेवंड आणि खेकडा हे तिन्ही कवचधारी प्राण्यांतले दशपाद. नांग्या धरून पायांच्या पाच जोड्या भरतात.
- मग शेपूट पाहावी. कोळंबीची लांब आणि दोन्ही बाजूंनी दाबलेली, शेवंडीची जाड आणि वरून-खालून दाबलेली. दोघींच्या टोकाला पंखा असतो. खेकड्याची शेपूट पोटाखाली घट्ट दुमडलेली असते, म्हणून वरून ती दिसतच नाही.

टाळावे
- तिसऱ्या, कालवे, शिणाणे आणि माकूळ यांना कोळंबीच्या कुळात बसवू नये. ते मृदुकाय प्राणी. त्यांना सांध्यांचे पाय नसतात आणि ते कातही टाकत नाहीत.
- शिजलेल्या रंगावरून जात सांगू नये. कवचातले अ‍ॅस्टाझँथिन हे केशरी रंगद्रव्य जिवंतपणी प्रथिनांशी बांधलेले असते. उष्णतेने ती बांधणी सुटते, म्हणून हिरवट, निळसर, करडे असे जवळजवळ सगळे कवचधारी शिजल्यावर लाल-केशरी होतात.

२. कोळंबी, करंदी, जवळा

करावे
- मागच्या भागाच्या सहा खंडांपैकी दुसऱ्या खंडाची बाजूची पाकळी पाहावी. ती पहिल्या आणि तिसऱ्या अशा दोन्ही खंडांवर चढलेली असेल तर गट कॅरिडियन. ती पहिल्याखाली सरकलेली असेल तर गट पिनीड, म्हणजे बाजारातल्या बहुतेक मोठ्या समुद्री कोळंब्यांचा. पिनीडच्या पुढच्या तीन जोड्यांना चिमटे असतात, कॅरिडियनच्या फक्त दोन.
- पोटाखाली अंड्यांचा घोस दिसला तर ती कॅरिडियन समजावी. पिनीड कोळंबी अंडी पाण्यात मोकळी सोडते, जवळ बाळगत नाही.
- टायगर म्हणून दिल्या जाणाऱ्या कोळंबीच्या मिशा पाहाव्यात. मिशांवरही पट्टे असतील तर ती पिनियस सेमिसल्केटस. पट्टे फक्त अंगावर असतील तर खरी मोठी टायगर, म्हणजे पिनियस मोनोडॉन.
- पांढऱ्या कोळंबीच्या कपाळावरचा दातेरी काटा पाहावा. त्याच्या खालच्या कडेला एक-दोनच दात असतील तर ती बहुधा तळ्यात वाढवलेली व्हॅनामेई. आपल्या समुद्रातल्या पिनियस इंडिकसला खाली साधारण तीन ते सहा दात असतात. व्हॅनामेई मूळची अमेरिका खंडाच्या प्रशांत किनाऱ्याची. भारतात तिच्या व्यावसायिक शेतीला २००९ मध्ये परवानगी मिळाली आणि काही वर्षांतच तिने तळी व्यापली.

टाळावे
- जवळ्याला कोळंबीची पिल्ले म्हणू नये. जवळा ही स्वतंत्र जात आहे, शास्त्रीय नाव अ‍ॅसिटिस इंडिकस. पूर्ण वाढ झाली तरी तो दोन-चार सेंटिमीटरच भरतो आणि चालण्याच्या पायांच्या शेवटच्या दोन जोड्या त्याला नसतातच. डोल जाळ्यात बोंबलाबरोबर येतो तो हाच.
- जवळ्याला क्रिलही म्हणू नये. क्रिलचा गण वेगळा. त्याचे कल्ले कवचाबाहेर उघडे दिसतात, जवळ्याचे कवचाखाली झाकलेले असतात.
- ‘करंदी’ या नावावर जात ठरवू नये. जागा बदलली की तेच नाव वेगवेगळ्या लहान कोळंब्यांना लागते. काटा आणि पाकळ्या पाहूनच बोलावे.
- निळ्या, लांबलचक नांग्यांची कोळंबी समुद्रातली म्हणून घेऊ नये. ती मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गी, म्हणजे नदीतली मोठी कोळंबी. तिच्या पिल्लांना मात्र सुरुवातीला खाडीचे मचूळ पाणी लागते.

३. शेवंड

करावे
- नांग्या शोधाव्यात. आपल्या शेवंडीला मोठ्या नांग्या नसतात. जाड, काटेरी, लांब मिशा हीच तिची खूण.
- मागच्या खंडांवर हात फिरवावा. प्रत्येक खंडावर बारीक पांढरा आडवा पट्टा असेल तर पॅन्युलिरस पॉलिफॅगस, वायव्य किनाऱ्यावर सर्वाधिक दिसणारी जात. नागमोडी कडेची आडवी खाच लागली तर पॅन्युलिरस होमारस. खाच नसून पायांवर फिकट पट्टे असतील तर पॅन्युलिरस ऑर्नेटस.
- मिशांच्या जागी रुंद, चपट्या पाकळ्या असतील आणि डोळे कवचाच्या अगदी बाहेरच्या कोपऱ्यांवर असतील तर ती चपटी वाळूशेवंड, म्हणजे थेनस.
- शेवंडीचा शेवटचा, पाचवा पाय पाहावा. मादीच्या त्या पायाला अंडी साफ करण्यासाठी छोटा चिमटा असतो, नराच्या पायाला नसतो.

टाळावे
- हॉटेलच्या मेनूवरचे दोन जाडजूड नांग्यांचे चित्र पाहून आपली शेवंड ओळखायला जाऊ नये. ते चित्र उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यातल्या होमारस या प्रजातीचे असते. ती आपल्या किनाऱ्यावर राहत नाही.
- लहान शेवंड घेऊ नये. निर्यातीसाठी केंद्र सरकारने २००३ मध्ये किमान वजने ठरवली : पॉलिफॅगस ३०० ग्रॅम, पॅन्युलिरस होमारस २०० ग्रॅम, ऑर्नेटस ५०० ग्रॅम, थेनस १५० ग्रॅम. घरच्या स्वयंपाकासाठीही हाच दंडक पाळावा.
- ‘समुद्रात भरपूर आहे’ हे वाक्य शेवंडीला लावू नये. मुंबईच्या पाण्यात थेनसची चांगली मासेमारी होती. अनिर्बंध उपशात अंड्यांवरच्या माद्याही गेल्या आणि १९९४ पर्यंत ती मासेमारी कोसळली. शेवंडीची पिल्ले मोठी व्हायला फार काळ घेतात. एकदा गेलेली शेवंड लवकर परत येत नाही.

४. चिंबोरी आणि इतर खेकडे

करावे
- आधी शेवटची पायजोडी पाहावी. ती वल्ह्यासारखी चपटी असेल तर पोहणारा खेकडा. बाजारातले बहुतेक समुद्री खेकडे याच कुळातले.
- डोळ्याच्या बाहेरच्या बाजूला कवचाच्या कडेवरचे दात मोजावेत. दोन्ही बाजूंना नऊ-नऊ, सगळे साधारण सारखे, तर खाडीतली चिंबोरी म्हणजे सायला. नऊ-नऊ, पण शेवटचा दात लांब काट्यासारखा, तर पोर्ट्युनस. सहा-सहा असतील तर कॅरिब्डिस.
- चिंबोरीतही दोन जाती ओळखाव्यात. नांगीच्या मनगटावर बाहेरून दोन ठळक काटे आणि सगळ्या पायांवर जाळीदार नक्षी असेल तर सायला सेराटा. तीच मोठी होते. मनगट जवळजवळ गुळगुळीत आणि नांग्या तांबूस असतील तर सायला ऑलिव्हेशिया.
- पाठीवर तीन गोल, गडद ठिपके दिसले तर पोर्ट्युनस सँग्विनोलेंटस. पाठीवर फिकट क्रूस दिसला तर कॅरिब्डिस फेरिएटा. समुद्रात पडलेला क्रूस खेकड्याने संत फ्रान्सिस झेवियर यांना परत आणून दिला, अशी दंतकथा या खेकड्याशी जोडलेली आहे. त्यांचे पार्थिव जुन्या गोव्याच्या बासिलिकेत आहे.

टाळावे
- निळा आणि मातकट हे दोन वेगळे खेकडे मानू नयेत. पोर्ट्युनस पेलॅजिकसचा नर निळा, पांढऱ्या नक्षीचा असतो आणि मादी मळकट हिरवी-तपकिरी. जात एकच.
- पुळणीवर धावणारे खेकडे चिंबोरीची पिल्ले समजू नयेत. उंच देठांवर डोळे असणारे आणि वाळूत बिळे करणारे ते ऑसिपोड. खाडीच्या चिखलात एकच नांगी भलीमोठी असलेला दिसतो तो फिडलर नर. हे दोघे तेवढेच राहतात.
- शेतातले मुठे समुद्री खेकड्यांत मोजू नयेत. त्यांना वल्हे नसते आणि त्यांच्या अंड्यांतून थेट इवले खेकडेच बाहेर पडतात. समुद्री खेकड्यांची पिल्ले मात्र आधी आठवडेच्या आठवडे पाण्यात तरंगतात.
- चंद्राची तिथी पाहून मांसाची खात्री धरू नये. खेकडा पोकळ निघतो तो नुकती कात टाकल्यामुळे. पोटाकडून कवच दाबून पाहावे. ते दबले तर आत पाणीच जास्त. हातात धरला की अंगाच्या मानाने जड लागतो तो भरलेला.

५. नर, मादी आणि अंडी

करावे
- खेकडा उलटा करून पोटावरची पाळ पाहावी. अरुंद, टोकदार पाळ नराची. रुंद, गोलाकार पाळ वयात आलेल्या मादीची. त्रिकोणी पाळ अजून न वाढलेल्या मादीची.
- पाळीबाहेर आलेल्या अंड्यांचा रंग पाहावा. ताजी अंडी पिवळी-केशरी असतात. पिल्ले बाहेर पडायची वेळ जवळ आली की त्यांचे डोळे दिसू लागतात आणि घोस तपकिरी ते काळपट होतो.
- जाळ्यात अशी जिवंत मादी आली तर लगेच पाण्यात सोडावी. एका मोठ्या चिंबोरीच्या पोटाखाली लाखांनी अंडी असतात.

टाळावे
- आतली लाख आणि बाहेरची अंडी यांची गल्लत करू नये. लाख म्हणजे मादीच्या कवचाआतले अंडाशय, बाहेरचा घोस म्हणजे वाढत असलेली पिल्ले.
- पाळीखाली दिसणारी प्रत्येक गाठ अंडी समजू नये. ती दाणेदार नसून गुळगुळीत पिशवी असेल तर सॅक्युलिना हा परजीवी असतो. तो नरालाही लागतो आणि नराची पाळ मादीसारखी रुंद करून टाकतो. हा परजीवी स्वतःही कवचधारीच, खडकांना चिकटणाऱ्या बार्नेकलच्या कुळातला.
- अंड्यांवरची शेवंड किंवा चिंबोरी विकत घेऊ नये. गिऱ्हाईक नाही म्हणाले की पुढच्या खेपेला ती टोपलीत येत नाही.

६. खडकांवर आणि जाळ्याच्या गाळात

करावे
- खडकाला घट्ट चिकटलेले पांढरे, टोकदार सुळके जवळून पाहावेत. ते बार्नेकल. शिंपल्यासारखे दिसले तरी ते कवचधारी आहेत. भरतीत झाकण उघडून केसाळ पायांनी अन्न ओढताना पाहिले की शंका फिटते. शास्त्रज्ञांनाही ही ओळख पटायला १८३० उजाडले. जॉन व्हॉन थॉम्प्सन यांनी त्यांची पोहणारी पिल्ले तपासली तेव्हा ती खेकडा-कोळंबीच्या गोतातली निघाली. पुढे चार्ल्स डार्विन यांनी १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षे याच प्राण्यांना दिली.
- चपटा, पटकन निसटणारा लहान खेकडा दिसला तर चालणारे पाय मोजावेत. तीनच जोड्या दिसल्या तर तो पोर्सिलेन खेकडा. चौथी जोडी इवलीशी, कवचाखाली लपलेली असते. खरा खेकडा चारही जोड्या दाखवतो.
- धक्क्याच्या भिंतीवर धावणाऱ्या ‘समुद्री झुरळा’चे पाय मोजावेत. सात जोड्या भरतील. तो लायजिया, तोही कवचधारी. झुरळ हा कीटक आणि त्याला तीनच जोड्या.

टाळावे
- मँटिस श्रिंपला कोळंबी समजून हात लावू नये. त्याचा गण दशपादांहून वेगळा. दुमडलेले, धारदार शिकारी पाय तो क्षणात झटकतो आणि बोट चिरतो. ट्रॉलरच्या जाळ्यात तो भरपूर येतो.
- चालणारा शंख उचलून घरी नेऊ नये. आत शंखातला खेकडा असतो. त्याचे पोट मऊ असते आणि शंख हेच त्याचे घर. रिकामे दिसणारे शंखही तिथेच ठेवावेत, कुणातरी खेकड्याला ते लागणार असतात.
- नाल खेकड्याला खेकडा म्हणू नये. ओडिशाच्या बालासोर किनाऱ्यावर सापडणारा हा प्राणी विंचू-कोळ्यांच्या गोतातला. त्याला मिशा नसतात.

७. ताटात वाढताना

करावे
- अ‍ॅलर्जी असलेल्याला विचारताना ‘मासे चालतात का’ आणि ‘कोळंबी-खेकडा चालतो का’ असे दोन प्रश्न वेगळे विचारावेत. कोळंबीची अ‍ॅलर्जी बहुधा ट्रोपोमायोसिन या प्रथिनाची असते आणि ते सगळ्याच कवचधारींत असते.
- डबाबंद पदार्थाच्या वेष्टनावरची सूचना वाचावी. भारतीय नियमांत कवचधारी आणि मासे यांची अ‍ॅलर्जीच्या यादीत वेगवेगळी नोंद आहे.

टाळावे
- कोळंबी न चालणाऱ्याला ‘सुका जवळाच आहे, सोडेच आहेत’ म्हणून वाढू नये. सुकवल्याने किंवा शिजवल्याने हे प्रथिन नाहीसे होत नाही.

१ जून ते ३१ जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दिवसांत ‘ताजी समुद्री’ म्हणून कोळंबी समोर आली तर विकत घेण्याआधी कपाळावरचा काटा पाहा आणि कुठून आली ते विचारा. पुढच्या बाजारात एक काम नक्की करा : खेकडा घेण्याआधी तो उलटा करून पाळ बघा आणि मुलांनाही दाखवा. पोटाखाली अंडी दिसली तर ती चिंबोरी घेऊ नका आणि का घेत नाही, हे विकणाऱ्या मावशींना स्पष्ट सांगा.