दुसऱ्याची रेघ

पार्ल्यातल्या मुलांना स्केचिंगसाठी लांब जावं लागत नाही. पूर्वेला स्टेशनबाहेर पडलं की बाजारच सुरू होतो. संध्याकाळी दीनानाथ नाट्यगृहाच्या दारात उभं राहिलं तर मध्यंतराला चहा घेणारे प्रेक्षक मिळतात. वल्ली बघायला आपल्यासारखी जागा नाही, असं पार्लेकर सांगतातच, पु. ल. इथे वाढल्यामुळे त्यांना तसा हक्कही आहे! ॲनिमेशनच्या प्रवेशासाठी मी हीच माणसं काढत होते. प्रश्न होता तो ती दाखवायची कोणाला, हा.

घरी दाखवलं की ‘छान आलंय’. मैत्रिणींकडून ‘भारी’. म्हणून पोर्टफोलिओचा क्लास लावला. तिथले सर चांगले चित्रकार होते, पण सुचवायची त्यांची पद्धत म्हणजे पेन उघडून थेट माझ्या कागदावर गिरवणं. नाक टोकदार, डोळे मोठे, कंबर बारीक. चित्र लगेच चकचकीत दिसायचं. गवार निवडत बसलेल्या भाजीवाल्या मावशी हळूहळू जपानी कार्टूनमधल्या नायिका झाल्या, आणि आमच्या बॅचच्या सगळ्या फायली एकाच हातच्या वाटू लागल्या. मुलाखतीत एका परीक्षकांनी त्या पानावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “याच बाई पाठमोऱ्या काढून दाखव.” मला जमेना. पानावरच्या त्या बाई मी कधी पाहिल्याच नव्हत्या. त्या वर्षी प्रवेश झाला नाही.

ॲनिमेशनवाल्यांना हे का लागतं, ते नंतर समजलं. एकच पात्र अनेक जण काढतात. त्यासाठी मॉडेल शीट असते, समोरून, पाऊण, बाजूने, मागून. ज्याने पात्र घडवलं त्यालाच त्याची पाठ माहीत नसेल तर बाकीच्यांनी काय काढायचं?

आता मुलं मला चित्रं दाखवायला येतात, तेव्हा पहिली अट हीच: मूळ कागदाला कोणाचंही पेन लागता कामा नये, माझंही नाही. वर बटर पेपर ठेवायचा आणि दुरुस्ती त्याच्यावर करायची. टॅबवर काम असेल तर वेगळा लेयर. पटलं तर स्वतः पुन्हा काढा. नाही पटलं तर बटर पेपर बाजूला. खरडलेली पानंही तारीख घालून फायलीत ठेवा. परीक्षक ती आवडीने चाळतात.

‘कसं झालंय?’ असं मात्र विचारू नका. त्याचं उत्तर ‘छान’ एवढंच येतं. त्यापेक्षा नाव झाकून विचारा, हा माणूस काय काम करतो? वय किती असेल? पुढच्या क्षणी काय करेल? तिघांनी तीन वेगळी कामं सांगितली तर चेहऱ्यावर मेहनत घेण्यात अर्थ नाही, उभं राहणंच चुकलंय. आकृती पूर्ण काळी भरून बघा. नुसत्या बाह्यरेषेवरून नारळवाला आणि बँकेतला कारकून वेगळे कळायला हवेत.

विचारायचं कोणाला, याबद्दल माझं मत थोडं आडमुठं आहे. शरीराचा तोल कुठे आहे ते चित्रकारापेक्षा एकांकिका करणाऱ्या कॉलेजच्या मुलांना लवकर दिसतं. आणि ज्याचं चित्र आहे त्याला तर दाखवायलाच हवं. परवानगीही त्यातच होते. एका मावशींनी माझं पान हातात घेऊन म्हटलं, “पदर असा सोडून तराजू धरीन का गं मी? खोचलेला असतो.” एवढी नेमकी सूचना क्लासमध्ये कधी मिळाली नव्हती. चित्रकाराकडे जायचं ते प्रमाणबद्धता, हातापायांची ठेवण, रेषेची जाडी यांसाठी, आणि एका वेळी एकच प्रश्न घेऊन.

नकार आला की कोणीतरी हमखास आर. के. लक्ष्मण यांचं उदाहरण देतं. त्यांनाही जे. जे. स्कूल ऑफ आर्टने प्रवेश नाकारला होता, हे खरं. पण या गोष्टीने मन शांत होतं, पान सुधारत नाही. नकाराच्या पत्रात काय बदलायचं ते लिहिलेलं नसतं. म्हणून मुलाखतीतून बाहेर पडल्याबरोबर, घरी फोन करण्याआधी, परीक्षकांनी विचारलेले प्रश्न जसेच्या तसे वहीत उतरवा. कोणत्या पानावर ते थांबले आणि कोणतं पान न बघता उलटलं, हेही लिहा. पुढच्या वर्षीची फाईल मी त्या यादीवरूनच लावली. पहिल्या पानावर मावशी होत्या, पाठमोऱ्या, पदर खोचलेल्या.