ज्वालेच्या दोन वाटा

धाराशिव जिल्ह्यातील ढोकी हे तेरणा साखर कारखान्याचे गाव. साखर कारखान्यात उसाचे चिपाड जाळून वाफ करतात. भट्टीतील तापलेले वायू हलके होऊन धुराड्यातून वर चढतात आणि खालून ताजी हवा आत ओढली जाते. न्हाणीघरातील गॅस गिझरलाही हवा येण्याची व धूर जाण्याची अशा दोन्ही वाटा लागतात.

स्वयंपाकाच्या गॅसमध्ये प्रोपेन व ब्युटेन असतात. १ लिटर प्रोपेन पूर्ण जळण्यास ५ लिटर ऑक्सिजन, म्हणजे सुमारे २४ लिटर हवा लागते. बंद न्हाणीघरात ती अपुरी पडली, की विषारी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वासही नाही. रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी त्याच्याशी घट्ट जोडले जाते. डोके दुखते, चक्कर येते. पुढे कडी काढण्याचेही बळ उरत नाही.

म्हणून गिझर बाहेर मोकळ्या हवेत बसवून आत फक्त पाण्याची नळी आणावी. तो आतच असेल, तर धुराची नळी चढती ठेवून घराबाहेर काढावी व हवेसाठी कायमचा झरोका ठेवावा. नुसता पंखा पुरत नाही. झरोका नसेल तर तो नळीतला धूर उलट आत ओढतो.

कुणाला चक्कर आल्यास त्याला प्रथम मोकळ्या हवेत न्यावे, मग डॉक्टरांना बोलवावे.

विचार करा : प्रोपेनचा रेणुभार ४४, हवेचा सरासरी २९. मग गळलेला गॅस खोलीत कोठे साठेल?