जीवशास्त्र आवडतं, पण डॉक्टर व्हायचं नाही

बारावीला जीवशास्त्र घेतलं की पुढे नीटच द्यायची, आणि तिथे मार्क कमी पडले की ‘मग बीएस्सी करून टाक’. अंधेरीपासून मुलुंडपर्यंत हे घराघरांत ऐकू येतं. पालकहो, त्यातली नाराजी मुलांना लागते. पेशीच्या आत काय चालतं याचंच कुतूहल असलेल्या मुलासाठी संशोधन ही पहिली पसंती असू शकते, आणि त्यासाठी मुंबई सोडायचीही गरज नाही.

ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र म्हणजे अणुभट्ट्या, एवढंच बहुतेकांना ठाऊक असतं. विदर्भातला शेतकरी मात्र ‘टीएयू-१’ हा उडीद ओळखतो. या केंद्राने किरणांनी बियाण्यात बदल घडवून, अकोल्याच्या कृषी विद्यापीठासोबत तयार केलेलं हे वाण 1985चं. याच केंद्रात डायनोकोकस रेडिओड्युरन्स या जीवाणूवर काम चालतं. तो 1956 साली अमेरिकेत, किरणांचा मारा करूनही खराब झालेल्या डबाबंद मांसात सापडला. माणसाला पाच ग्रे किरणोत्सार जीवघेणा ठरतो, हा पाच हजार ग्रे सोसतो. त्याच्या डीएनएचे तुकडे तुकडे होतात आणि काही तासांत तो ते पुन्हा जोडतो! डॉ. श्री कुमार आपटे आणि सहकाऱ्यांनी टायफॉइडच्या जीवाणूचं एक जनुक त्यात घातलं, आणि सौम्य अणुकचऱ्यातलं युरेनियम साक्यासारखं खाली बसवून दाखवलं. ते संशोधन 2006 साली प्रसिद्ध झालं.

हे झालं जीवाणूंचं. विषाणूंचं म्हणाल, तर कोविडमध्ये सर्वांच्या तोंडी झालेली आरटी-पीसीआर चाचणी हे जीवशास्त्राच्या संशोधनातलं रोजचं तंत्र. केळीच्या टिश्यूकल्चर रोपांत पर्णगुच्छाचा विषाणू आहे का, हेही पीसीआरनेच तपासतात.

वाट कशी? कालिन्याच्या विद्यापीठ संकुलातल्या सीईबीएस या संस्थेत पाच वर्षांचा एकात्मिक एमएस्सी आहे, प्रवेश ‘नेस्ट’ परीक्षेतून. साधी बीएस्सी करूनही पुढे ‘जॅम’ परीक्षा देऊन पवईच्या आयआयटीत एमएस्सी करता येतं. पीएचडीसाठी टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर) आहे. अकरावीत गणित मात्र सोडू नका. आज जनुकांचा अभ्यास संगणकावरही तितकाच होतो.

पैशाचा प्रश्न रास्त आहे. पीएचडीसाठी नेट-जेआरएफ ही शिष्यवृत्ती मिळाली, तर 2023पासून महिना 37 हजार रुपये आणि वर घरभाडं भत्ता. पण एमएस्सीनंतरही पीएचडीला पाच-सहा वर्षं लागतात, हे आधीच घरात बोलून घ्या.

मुलाचा स्वभावही पाहा. मायक्रोपिपेटने एकेक मायक्रोलिटर मोजत दिवस जातो, संध्याकाळी डीएनएचं जेल दिव्याखाली धरावं तर अपेक्षित पट्टी उमटलेलीच नसते. दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा. ‘चूक कुठे झाली असेल?’ या प्रश्नात ज्याला रस वाटतो, तो इथे रमतो.

बायोटेक्नॉलॉजीची लाखोंची फी भरण्याआधी कॉलेजची प्रयोगशाळा पाहून या. पीसीआर यंत्र विद्यार्थी स्वतः चालवतात का, की फक्त लांबून पाहतात, हे तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा.